पयले फोटो, मंग लात

माझ्या जन्माच्या वेळी माझे पाय आधी बाहेर आले, यात माझा काही दोष नाही. सुईण घाबरली, आई वाचली, मी वाचले. विषय तिथेच संपायला हवा होता. पण पायाकडून जन्मलेल्या माणसाला आपल्याकडे पायाळू म्हणतात, आणि पायाळूनं लाथ मारली की उसण भरलेली पाठ, धरलेली कंबर, लचकलेली मान सुटते अशी लोकांची पक्की समजूत आहे. मी नागपूरला डॉक्टर झाले, पुढे क्ष-किरणांचं शिक्षण घेतलं आणि पन्नासच्या दशकात चांद्याच्या दवाखान्यात रुजू झाले. सरकारनं मला माझ्या डोळ्यांसाठी नेमलं होतं. लोक मात्र माझ्या पायांकडे बघायचे.

हे बिंग फोडलं माझ्या आईनं. ती महिनाभर माझ्याकडे राहायला आली आणि क्वार्टरच्या मागच्या विहिरीवर कंपाउंडरच्या बायकोला माझ्या जन्माची कथा सांगून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी दारात कंबर धरून एक म्हातारी उभी. मी तिला आत बोलावलं, तपासायला लागले, तर ती म्हणते, "तपासू नोका बाई. पाय लावा फकत." मी तिला हाकललं. संध्याकाळपर्यंत आणखी दोघं आले. मी आईवर चिडले, तर ती म्हणाली, "त्यात चिडण्यासारखं काय आहे? पाय लावायला तुझं काय जातं?" काय जातं ते पुढे कळलं.

आधीच बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. माझ्या खोलीवर पाटी होती, यंत्र होतं, काळे पडदे होते, तरी एकदा एका अडलेल्या बाईला तिच्या घरच्यांनी सरळ क्ष-किरणाच्या टेबलावर आणून निजवलं. मी कितीही सांगितलं तरी ऐकेनात. शेवटी पोरगी तिथेच जन्मली, आणि माझ्या बाळंतपणातल्या कौशल्याची कीर्ती मूल गावापर्यंत गेली. मी त्यात काहीही केलं नव्हतं. नर्सनं केलं.

तेव्हाचं चांदा म्हणजे आताचं चंद्रपूर. गडचिरोली तेव्हा त्याच जिल्ह्यातला एक तालुका. मधल्या काळात आमचं राज्य बदललं, कागदांवरचे शिक्के बदलले, यंत्र तेच राहिलं. वीज मन मानेल तशी यायची. उन्हाळ्यात प्लेट धुवायचं पाणी इतकं तापायचं की प्लेटवरचा थर सायीसारखा सुटून हातात यायचा. मग बर्फ शोधत फिरायचं, आणि बर्फ मिळाला की तो माझ्या खोलीत पोहोचेपर्यंत लोक त्याचं सरबत करून प्यायचे. मदतीला नत्थूजी होते. माणूस चोख, हात स्थिर, पण प्रत्येक प्लेटबद्दल त्यांचं मत एकच असायचं, "फस कलास फोटो आला, बाई." छातीऐवजी पोटाचा आला तरी फस कलास. क्ष-किरणाला सगळा जिल्हा फोटोच म्हणायचा, त्यामुळे काही जण टोपी सरळ करून, मिशीला पीळ देऊन बसायचे. तेही मी सहन केलं.

सहन झालं नाही ते मानेचं.

मानेचं काम काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण डॉक्टर मंडळींनाही ते परत परत सांगावं लागायचं. मानेत सात मणके. ते एकावर एक ठेवलेले असतात, स्वयंपाकघरातल्या मडक्यांच्या उतरंडीसारखे. त्या उतरंडीच्या मागच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. हातपाय हलवायचे, श्वास घ्यायचा, सगळे हुकूम त्याच्यातून खाली जातात. माणूस डोक्यावर पडला की कधी एखादं मडकं नुसतं टवकतं. उतरंड उभीच राहते, आराम केला की काम भागतं. पण कधी मडकी बांधून ठेवणारे बंधच तुटतात. त्या क्षणी उतरंड उभी असते, माणूस चालत येतो, बोलतो, चहा मागतो. आणि मान जरा वाकली की वरचं मडकं पुढे घसरतं आणि मज्जारज्जू चेचला जातो. झालेलं मग परत होत नाही.

हे ओळखायचं बाजूनं काढलेल्या प्लेटवर. मणक्यांच्या पुढच्या कडा बोटानं जोडत खाली यायचं, मग मागच्या कडा, मग पोकळीची मागची भिंत, मग अगदी मागची टोकं. या चारही रेषा कुठेही पायरी न पडता खाली उतरल्या पाहिजेत. मागच्या दोन टोकांमध्ये एकाच ठिकाणी जास्त फट दिसली तर समजायचं की बंध तुटले. आणि या सगळ्याच्या आधी मणके मोजायचे. सात दिसलेच पाहिजेत. सातवा खांद्यांच्या आड लपतो. प्लेटवर खांद्यांची पांढरी भिंत दिसते आणि सहा मणके बघून लोक खूश होतात. आणि घात बहुतेक वेळा तिथेच, सहाव्या-सातव्याच्या सांध्यात झालेला असतो. सहा बघून 'काही नाही' म्हणणारा डॉक्टर मला दिसला की माझं डोकं फिरायचं. आजही फिरतं.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात सिंदेवाहीकडचा एक माणूस खाटेवर घालून आणला. धानाच्या पोत्यांनी भरलेल्या बैलबंडीवरून तो डोक्यावर पडला होता. पडल्यावर स्वतः उठला, मान दुखते म्हणाला, ओट्यावर बसून राहिला. घरच्यांनी शेजारच्या गावातून पायाळू बोलावला. त्यानं मान खाली घालायला सांगून मानेच्या बुडाशी लाथ घातली. माणूस बसल्या जागी कोसळला. मी बघितला तेव्हा शुद्धीवर होता, नजर स्वच्छ होती. त्यानं मला विचारलं, "बाई, माहे पाय कुठी हायेत? खाटेवरच हायेत ना?" मी त्याला सांगितलं, हो, खाटेवरच आहेत. त्याची बायको पायांवर पांघरूण नीट करत होती आणि त्याला ते कळत नव्हतं. प्लेटवर सहावा मणका सातव्यावरून निम्मा पुढे गेलेला. आठवड्याच्या आत तो गेला. मला अजून त्या बाईचा हात दिसतो, पांघरूण सारखं करणारा.

त्यानंतर लाथ हा शब्द कुणी काढला की मी अंगावर धावून जायची. लोक म्हणायचे, बाई पायाळू आहे पण भलतीच घमेंडी आहे.

आता लटारूकडे येते.

हिवाळ्यात वडशाच्या बाजूला गावोगावी दिवसा शंकरपट भरतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक. लटारू दोन्हीकडे लागायचा. दिवसा जोडी हाकायची, रात्री राक्षसाचं काम करायचं. माणूस दाराएवढा. खांदे असे की राक्षसाला वेगळं काही भरायची गरज नाही. नाटक मंडळीचे मालक डोमाजी त्याला घेऊन छोट्या रेल्वेनं चांद्याला आले, सोबत चार-पाच नट. माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर लटारू दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून बसला होता, भरलेली घागर धरावी तसं.

जो माणूस डोकं हातानं सांभाळत येतो, त्याच्या मानेला स्वतःवर भरवसा राहिलेला नसतो.

डोमाजी पुढे झाले. हातात नारळ. "रामराम बाई. हा आमचा राक्षस हाये. काल पटात बंडी उलटली अन् हा टकुऱ्यावर पडला. मान धरली त्याची. येक लात हाना, आमी चाललो. आज रातीले मूल गावाजवळ नाटक हाये."

"काल रात्री काय केलं?"

"काल नाटक केलं ना! पन गदाच उचलेना त्याले. पब्लिक हासून राह्यली. राक्षसाची गदा दुसऱ्यानं उचलून देल्ली बाई, कवाच असं नाई झालं."

म्हणजे या अवस्थेत, डोक्यावर मुकुट बांधून, हा माणूस रात्रभर गर्जना करत नाचला होता.

लटारूला विचारलं, "हाताला काय होतं?"

"मधल्या बोटाले मुंग्या येऊन राह्यल्या, बाई. अन् हातात जीव नाई." आवाज ढगासारखा, पण हळू. भ्यायलेला होता.

मी त्याचा उजवा हात कोपरात वाकवून धरला आणि म्हटलं, मला ढकल. सारा जोर लाव. त्यानं लावला. माझ्यासारख्या किडकिडीत बाईनं तो हात सहज दाबून धरला. मंडळीतले दोघे हसले. लटारूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"फोटो काढायचा," मी म्हटलं.

"फोटो कायले? लात हाना ना," डोमाजी.

"लात-बित काही नाही. आधी फोटो."

नत्थूजी आणि मी मिळून त्याला डोकं न हलू देता टेबलावर आडवा केला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. दोघा नटांना पायाकडे उभं करून त्याचे हात मनगटाशी धरून हळू खाली ओढायला लावले, म्हणजे खांदे उतरतात आणि सातवा मणका दिसतो. प्लेट धुतली. सहा मणके, सुरेख रांगेत. खाली भिंत. राक्षसाचे खांदे, ते काय ओढून उतरणार!

"फस कलास फोटो आला, बाई," नत्थूजी म्हणाले.

"नत्थूजी, मोजा."

त्यांनी मोजले. "सहा हायेत. पन लय साफ हायेत."

आमचे मोठे साहेब तेवढ्यात डोकावले. प्लेट उजेडाकडे धरून म्हणाले, "ठीक तर आहे. माणूस चालत आलाय. कशाला प्लेटा वाया घालवता?" आणि निघून गेले. डोमाजींनी ते ऐकलं. म्हणाले, "आता तं मोठ्या डाक्टरनं बी सांगतलं."

मी दात-ओठ खात दुसऱ्या प्लेटची तयारी केली. एक हात खालीच ठेवून दुसरा, चांगला हात डोक्याच्या वर घ्यायचा, पोहणारा घेतो तसा, आणि किरण काखेतून पाठवायचे. तो हात मीच इंचाइंचानं वर नेला आणि लटारूला सारखी विचारत होते, मुंग्या वाढल्या का, पायाला काही वाटतं का. प्लेट घेऊन मी काळोख्या खोलीत शिरले. हळूहळू चित्र वर आलं. सहावा मणका सातव्यावरून चांगला पाव भाग पुढे सरकलेला. सांध्याचा एक तुकडा उडालेला. आणि मागच्या टोकांमध्ये ही एवढी फट! बंध गेले होते. कालपासून लटारूची मान निव्वळ नशिबानं जागेवर होती.

ठिबकती प्लेट घेऊन मी बाहेर आले आणि बघते तर काय! लटारू टेबलावर बसलेला! पाय खाली सोडून, अंगरखा उतरवून, मानेच्या बुडाशी हळद लावून. बाजूला नारळ. आणि समोर पाट मांडलेला, माझ्यासाठी, कारण मी उंचीनं कमी पडेन म्हणून. पाट नत्थूजींनी आणला होता.

"तुमी 'आधी फोटो' म्हनलं ना, बाई," नत्थूजी म्हणाले. "फोटो तं झाला. म्हनून मांडून ठेवलं."

लटारू मला बघून नमस्काराला वाकायला लागला.

मी अशी किंचाळले की बाहेरच्या चिंचेवरचे कावळे उडाले असतील. प्लेट टाकून धावले, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि "हलू नको, हलू नको" एवढंच म्हणत राहिले. नत्थूजींनी पाय उचलले, नटांनी पाठीला हात दिला, आणि आम्ही त्याला परत आडवा केला. बोटं हलव म्हटलं. पायाची दहाही बोटं हलली. मला रडू येत होतं आणि डोमाजींच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती, दोन्ही एकदम.

मग मी समजावलं. प्लेट उचलून, पुसून, मणके मोजून दाखवले, पायरी दाखवली, सिंदेवाहीच्या माणसाचं सांगितलं. डोमाजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बराबर हाये बाई. पन तुमाले मनातून लात माराचीच नसंन तं तसं सांगा. घुग्घूसच्या वाटेवर येक पायाळू हाये. आमी त्याच्याकडे नेतो."

"नेलं तर मरेल तो!"

"त्या सिंदेवाहीवाल्याले कच्च्या पायाळूनं मारली असंन."

मी मोठ्या साहेबांकडे जाऊ शकत नव्हते, त्यांनी आधीच ठीक म्हटलं होतं. पोलीस बोलावून मान वाचवता येत नाही. डोमाजी वाईट नव्हते. त्यांना लटारू हवा होता, धडधाकट, आज संध्याकाळपर्यंत. आणि लटारू वर छताकडे बघत झोपून होता. तो म्हणाला, "बाई, तुमी सांगान तसं. पन पाय लावा. नाई लावला तं मले भेव लागते."

मी म्हटलं, "बरं. लावते."

आयुष्यात मी इतक्या संतापानं काही कबूल केलं नसेल. म्हटलं, "पण ऐका सगळे. साध्या लचकीला एक लात पुरते. ही साधी नाही. हिला रोज सकाळी पाय लावावा लागतो, तोही खाटेच्या पायाला, अंगाला नाही. आणि मी उठ म्हणेपर्यंत यानं मान हलवली, उशी घेतली, उठून बसला, तर पाय उलटतो. मग माझ्याकडे उपाय नाही."

डोमाजींनी नत्थूजींकडे बघितलं. नत्थूजी गंभीरपणे म्हणाले, "असंच राह्यते." त्या एका वाक्याबद्दल मी त्यांना सगळ्या प्लेटा माफ केल्या.

राक्षस राहिला. हनुवटीखाली आणि डोक्यामागे पट्टा बांधून, खाटेच्या डोक्याकडच्या कप्पीवरून विटांचं वजन सोडून आम्ही त्याची मान ताणून ठेवली. मोठ्या साहेबांनी दुसरी प्लेट बघितली आणि पुढचं सगळं सामान स्वतः मिळवून दिलं, हे सांगायला हवं. मी रोज सकाळी वॉर्डात जायची, चपला काढायची आणि खाटेच्या लोखंडी पायाला अंगठा लावायची. आजूबाजूचे रुग्ण हात जोडायचे. शिकलेली बाई मी, शरमेनं मान खाली घालून हे करायची. पण लटारू हलला नाही. शिंक आली तरी दोन्ही हातांनी डोकं धरायचा. नुसत्या वैद्यकीय सल्ल्यानं इतका निश्चल पडलेला रुग्ण मी पुढे कधी बघितला नाही. नंतर प्लास्टर, मग पट्टा. हातात जोर परत आला. मान मात्र तिथल्या तिथे जुळून आखडली. कुठे बघायचं तर तो अख्खा वळायचा.

श्रेय अर्थातच माझ्या पायाला गेलं. प्लेटचं नाव कुणी काढलं नाही. दारातली रांग दुप्पट झाली. मी हाकलत राहिले, चिडत राहिले, आणि एका विषयात जन्मभर शिकून त्याची ही किंमत, असं मनाशी म्हणत राहिले.

काही वर्षं गेली. एका दुपारी दवाखान्याच्या आवारात बंडी शिरली. बंडीत एक माणूस दाराच्या फळीवर बांधलेला, डोक्याच्या दोन्ही बाजूंना धान भरलेल्या छोट्या पिशव्या, कपाळावरून फडकं. बंडी पावलापावलानं चालत होती, आणि बैलांपुढे चालणारा माणूस मागे बघायला अख्खा वळत होता. लटारू! केस पिकले होते, खांदे तेच.

"मोवाच्या झाडावरून पडला, बाई," तो म्हणाला. "गावातले लोक उठवून बसवत होते. मी नाई बसवू देल्लं. पायाळू घेऊन आले, त्याले बी हाकललं."

बरोबरची मंडळी चुळबुळत होती. त्यातला एक म्हातारा हात जोडून मला म्हणाला, "बाई, पाय लावा."

मी तोंड उघडायच्या आत लटारू त्याच्यावर गरजला, "पयले फोटो, मंग लात! सात मनके दिसले पायजे. सहा दिसले तं पाय लागू होत नाई!"

मी प्लेट काढली. सात दिसले, चारही रेषा सरळ. खात्रीसाठी आणखी दोन बाजूंनी काढल्या. मान नुसती लचकलेली. बाहेर येऊन सांगितलं, तर सगळे माझ्या पायांकडे बघत उभे. मी चप्पल काढली आणि फळीला अंगठा लावला.

लटारूला नमस्कार करायचा होता, पण मान वाकत नव्हती. ताठ उभा राहून त्यानं हात जोडले. मी पहिल्यांदाच कुणाच्या नमस्काराला नको म्हटलं नाही. बंडी परत गेली तेव्हा माझ्या मनात एकच आलं. सिंदेवाहीच्या त्या माणसाच्या गावी असा एक राक्षस असायला हवा होता.